घरचें आरोग्य : दांत उजळण्याचा ट्रे, त्याचा वापर आणि निगा

गेल्या महिन्याच्या टपालांत विदर्भांतील एका भगिनीचें पत्र आलें. पत्र लांब आहे. त्यांतील मुद्द्याचा भाग तेवढा त्यांच्याच शब्दांत येथें देतें :

"आमचें कुटुंब एकत्र आहे. सासूबाई, आम्ही तिघी जावा, पुरुषमंडळी, मुलेंबाळें आणि धाकटी नणंद मिळून चौदा पानें रोज मांडलीं जातात. नणंदेचें लग्न येत्या वैशाखांत ठरलें आहे. मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींपैकीं एका बाईंनीं जातां जातां म्हटलें, 'मुलगी सुरेख आहे, दांत मात्र जरा पिवळे दिसतात.' त्या दिवसापासून आमची ही मुलगी तोंडापुढें रुमाल धरून हंसूं लागली आहे. थोरल्या जाऊबाईंनीं आपल्या लग्नापूर्वीं दंतवैद्याकडून दांत उजळण्याचा ट्रे करून घेतला होता. तो अद्याप कपाटांत आहे. नणंद म्हणते, तोच मला द्या. सासूबाई म्हणतात, उकळत्या पाण्यांतून काढला म्हणजे झालें, घरच्या घरीं कसला विटाळ? मला मात्र शंका येते. शिवाय तिचा वरचा पुढचा एक दांत इतरांहून काळसर आहे. तीव्र औषध घेतलें तर महिन्याभरांत काम होईल काय?"

हे प्रश्न एका घरापुरते नाहींत. दांत उजळण्याची हौस आतां घरोघर पोंचली आहे, आणि ह्या कामाचें सामान दंतवैद्याचें तोंड न पाहतांही बाजारांतून मागवितां येतें. म्हणून ह्या महिन्याचें सदर ह्याच विषयास दिलें आहे.

पिवळेपणा म्हणजे मळ नव्हे

आधीं त्या पाहुण्या बाईंच्या शेऱ्याविषयीं. दांताचें बाहेरचें कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, तें बरेंचसें पारभासक असतें. त्याच्या आंत डेंटीन नांवाचा थर असतो आणि त्याचा मूळ रंगच पिवळसर आहे. बाहेरून आपल्याला जो रंग दिसतो तो बहुतांशीं ह्या आंतल्या थराचा. वय वाढतें तसें कवच झिजतें, आंतला थर अधिक गडद होतो, आणि दांत पिवळे दिसूं लागतात. तेव्हां किंचित् पिवळसर दांत हा निरोगी दांत असूं शकतो, आणि पांढराशुभ्र दांत आंतून किडलेला असूं शकतो.

सौंदर्याच्या कल्पना किती बदलतात पाहा. आपल्याच पणज्यांच्या काळीं महाराष्ट्रांतील सुवासिनी दांतवण लावून दांत मुद्दाम काळे करीत, आणि ते काळेभोर दांत सौभाग्याचें लेणें समजले जात. आज त्याच घरांतील पणती दांत पांढरे करण्यासाठीं रात्र रात्र तोंडांत ट्रे ठेवते. ह्यांत मुलीच्या हौसेला नांवें ठेवण्याचा हेतु नाहीं. स्वतःला बरें वाटावें म्हणून कोणी दांत उजळले तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. मात्र कोणी एक शब्द बोलून गेलें म्हणून घाईनें केलेला उपाय अपायास कारण होतो, एवढेंच आरंभीं सांगून ठेवावेंसें वाटतें.

एकटाच काळसर दांत

पत्रांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट भगिनींनीं "शिवाय" म्हणून शेवटीं लिहिली आहे. सगळे दांत सारखे पिवळे असणें निराळें आणि एकच दांत काळवंडलेला असणें निराळें. लहानपणीं पायरीवर पडून किंवा झोपाळा लागून पुढच्या दांताला मार बसतो. तेव्हां थोडें रक्त येतें, मूल रडतें आणि सर्वजण विसरून जातात. परंतु आंतली नस हळूहळू मरते, रक्तांतील द्रव्यें डेंटीनमध्यें उतरतात आणि कांहीं वर्षांनीं तो दांत काळसर दिसूं लागतो. तो दुखत नाहीं, म्हणून कोणी त्याकडे पाहत नाहीं; पण त्याच्या मुळाशीं पू साठत असूं शकतो.

अशा दांतावर बाहेरून औषध लावून बसणें म्हणजे भिंतीला ओल आली असतां वरून चुना फासणें होय. दंतवैद्य क्ष-किरणाचें चित्र काढून नस जिवंत आहे कीं नाहीं हें ठरवितात. नस मेली असेल तर मुळावरील उपचार प्रथम होतो, आणि त्यानंतर तो दांत आंतून उजळण्याची स्वतंत्र रीत आहे. म्हणून ह्या मुलीला ट्रे देण्यापूर्वीं, आणि लग्नाचें कापड घेण्याच्याही आधीं, दंतवैद्याकडे न्यावें.

त्याच भेटींत आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. एक, दांत किडले आहेत काय आणि हिरड्या सुजल्या आहेत काय. असतील तर तें आधीं बरें करून घेतलें पाहिजे. दुसरी, डाग वरचे आहेत कीं आंतले. चहा, तंबाखू, मिश्री ह्यांचे थर वरवरचे असतात. दंतवैद्यानें दांत साफ करून दिले म्हणजे पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें आणि ट्रेची गरज उरत नाहीं.

पत्र विदर्भांतील आहे म्हणून फ्लोराइडचाही उल्लेख करतें. यवतमाळ, चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत कांहीं ठिकाणीं जमिनींतील पाण्यांत फ्लोराइड अधिक आहे. दांत तयार होण्याच्या वयांत तें पाणी पोटांत गेलें म्हणजे दांतांवर पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे उमटतात. उजळण्याच्या औषधानें तपकिरी पट्टे बरेच फिके होतात. पांढरे ठिपके मात्र जात नाहींत. पहिल्या कांहीं दिवसांत तर ते अधिकच उठून दिसतात आणि मुलगी घाबरून जाते. हें आधीं ठाऊक असलें म्हणजे धीर सुटत नाहीं.

ट्रे एकाचा दुसऱ्याला कां चालत नाहीं

आतां सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळूं. घरच्या माणसांत विटाळ कसला, हा त्यांचा प्रश्न प्रेमाचा आहे. परंतु येथें प्रश्न मुख्यतः मापाचा आहे.

हा ट्रे कसा होतो हें पाहिलें म्हणजे तें ध्यानांत येईल. दंतवैद्य प्रथम अल्जिनेट नांवाच्या मऊ लगद्यांत दांतांचा ठसा घेतात. त्या ठशांत प्लास्टर ओतून दांतांची हुबेहूब प्रतिकृति तयार होते. मग सुमारें एक मिलिमीटर जाडीचा मऊ, पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा तापवून यंत्रानें त्या प्रतिकृतीवर ओढून बसवितात आणि हिरडीच्या रेषेच्या सुमारास कापून कडा गुळगुळीत करतात. अर्थात् प्रत्येक दांताचा उंचवटा, वांक आणि फट त्यांत उतरलेली असते. असा ट्रे घट्ट बसतो, म्हणूनच औषध दांताला लागून राहतें, लाळ आंत शिरत नाहीं आणि औषध हिरडीवर ओघळत नाहीं.

थोरल्या जाऊबाईंचा ट्रे नणंदेच्या दांतांवर असा बसणारच नाहीं. कोठें फट राहील व तेथून औषध बाहेर येऊन हिरडी भाजेल. कोठें दाब येऊन दांत दुखेल. आणि लाळ आंत गेल्यामुळें औषध वायां जाईल, कारण लाळेंतील एक द्रव्य ह्या औषधाचें झपाट्यानें विघटन करतें. शिवाय एकाच्या तोंडांतील जंतु दुसऱ्याच्या तोंडांत जातात हें आहेच. चष्मा जसा घरांत फिरवीत नाहींत, तसाच हा ट्रे.

आणि उकळत्या पाण्याविषयीं मी अनुभवानें सांगूं शकतें. माझा ट्रे एकदां आमच्या सासूबाईंनीं स्वच्छतेच्या उत्साहांत नातवाच्या दुधाच्या बाटलीबरोबर पातेल्यांत उकळावयास टाकला. बाटली निर्जंतुक झाली. ट्रे मात्र कढईंत सोडलेल्या पापडासारखा मुडपून वर आला. जें प्लास्टिक तापवून दांतांवर ओढून बसवितात तें पुन्हां तापलें म्हणजे आकार सोडणारच. सुदैवानें दंतवैद्यांनीं मला प्लास्टरची प्रतिकृति देऊन ठेवली होती, म्हणून नवा ठसा न घेतां दुसरा ट्रे झाला. तेव्हांपासून ती प्रतिकृति मीं कपाटांत जपून ठेवली आहे. तुम्हीही ती मागून घ्या.

औषध काय आहे आणि किती तीव्र असावें

ट्रेमध्यें घालण्याचें जेल बहुधा कार्बामाइड पेरॉक्साइडचें असतें. त्याचें विघटन होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड आणि यूरिया हीं दोन द्रव्यें मोकळीं होतात. हायड्रोजन पेरॉक्साइड हें फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनार ह्यांनीं १८१८ सालीं प्रथम तयार केलें. हें द्रव्य एनॅमलमधून आंत झिरपतें आणि डेंटीनमधील रंगीत द्रव्यांचे कण मोडून फिके करतें. दांत घांसला जात नाहीं कीं त्यावर रंग चढविला जात नाहीं; आंतला डाग फिका होतो.

ह्या रीतीचा जन्म मोठा मौजेचा आहे. १९६८ च्या सुमारास अमेरिकेंतील आर्कान्सास संस्थानांत, फोर्ट स्मिथ गांवीं, बिल क्लुझ्मायर नांवाचे वांकडे दांत सरळ करणारे एक दंतवैद्य होते. एका रोग्याच्या सुजलेल्या हिरड्यांसाठीं त्यांनीं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचें जंतुनाशक औषध रात्रीं दांतांवरील साच्यांत घालून ठेवण्यास सांगितलें. हिरड्या सुधारल्या, आणि दांतही उजळल्याचें दिसून आलें. पुढें १९८९ सालीं हेवूड आणि हायमन ह्या दोघां दंतवैद्यांनीं ह्या पद्धतीवर शास्त्रीय लेख प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून ती जगभर पसरली. म्हणजे ज्या औषधानें ही रीत सुरू झाली तें १० टक्क्यांचें सौम्य औषध होतें, आणि घरच्या वापरासाठीं आजही तेंच सर्वांत अधिक तपासलें गेलेलें आहे.

येथें वेष्टणावरील आंकड्यांनीं फसूं नये. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे सुमारें साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ३५ टक्के कार्बामाइड म्हणजे सुमारें बारा टक्के. एकावर एका द्रव्याचा आंकडा असतो, दुसऱ्यावर दुसऱ्याचा. दोन्ही ३५ असले तरी त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. युरोपीय संघानें २०११ सालच्या नियमानें दांत उजळण्याच्या औषधांत हायड्रोजन पेरॉक्साइडची मर्यादा ६ टक्क्यांवर ठेवली आहे, त्यांतही पहिला वापर दंतवैद्याच्या देखरेखीखालीं व्हावा आणि अठरा वर्षांखालील मुलांना तें देऊं नये असा निर्बंध घातला आहे. आपल्याही घरीं हाच दंडक पाळावा.

तीव्र औषधानें काम लवकर होईल काय, हा भगिनींचा प्रश्न. आरंभीं वेग थोडा अधिक दिसतो, हें खरें. पण सौम्य औषध कांहीं दिवस अधिक वापरलें म्हणजे रंग जवळजवळ त्याच ठिकाणीं येऊन पोंचतो. तीव्र औषधानें दांतांत कळा येण्याचें आणि हिरड्या भाजण्याचें प्रमाण मात्र वाढतें. वरण मंद आंचेवर शिजविलें तर शिजतें, मोठ्या आंचेवर करपतें, हें स्वयंपाकघरांतील ज्ञान येथेंही लागू आहे.

वापरण्याची रीत

१. रात्रीं जेवण झाल्यावर दांत मऊ ब्रशानें घांसावेत व दोन दांतांमधील फटी दोऱ्यानें साफ कराव्यात. हळदीची आमटी जेवून तसाच ट्रे चढविला तर ट्रेच पिवळा होतो.

२. ट्रे कोरडा करून, हंसतांना जे दांत दिसतात तेवढ्यांच्या खोबणींत जेल घालावें. दांताची ओठाकडील बाजू ट्रेमध्यें जेथें येते तेथें प्रत्येक खोबणीस तांदळाच्या दाण्याएवढा एक थेंब पुरे. अधिक जेल म्हणजे अधिक उजाळा नव्हे. जास्तीचें सारें हिरडीवर येतें.

३. ट्रे दांतांवर अलगद बसवून पुढच्या बाजूनें बोटानें हलकेच दाबावा. हिरडीवर आलेलें जेल कापसानें किंवा स्वच्छ बोटानें पुसून घ्यावें, तोंडांत थोडें पाणी घेऊन थुंकून टाकावें, गिळूं नये.

४. १० टक्क्यांचें कार्बामाइड रात्रभर किंवा दिवसा दोन ते चार तास ठेवतात. पहिल्या दोन तासांतच त्याची निम्म्याच्या आसपास शक्ति खर्च होते, उरलेली पुढें हळूहळू. नुसत्या हायड्रोजन पेरॉक्साइडचें जेल त्याहून पुष्कळच लवकर संपतें, म्हणून त्याची वेळ थोडी असते. आपल्याला दिलेल्या जेलची वेळ दंतवैद्याकडून लिहून घ्यावी. ट्रे तोंडांत असतां कांहीं खाऊं पिऊं नये.

५. ट्रे काढतांना पुढून ओढूं नये. मागच्या दाढेपाशीं बोटाचें टोंक घालून हळूहळू सोडवावा. नंतर चूळ भरून दांत हलक्या हातानें घांसावेत.

६. आधीं वरची पंक्ति करावी, मग खालची. म्हणजे खालच्या दांतांशीं ताडून पाहतां येतें आणि किती फरक पडला हें कळतें. दर चार दिवसांनीं सकाळच्या उजेडांत एकाच खिडकीशीं उभें राहून पाहावें. रोज रोज आरसा धरून बसूं नये.

लिंबू चोळणें, राखुंडी, कोळशाची पूड हे उपाय ह्या दिवसांत, किंबहुना केव्हांही, करूं नयेत. लिंबाच्या आम्लानें एनॅमल विरघळतें आणि कोळशानें घांसलें जातें. आणि एनॅमल हें एकदां गेलें कीं पुन्हां येत नाहीं. तें पातळ झालें म्हणजे आंतला पिवळा थर अधिकच दिसूं लागतो. म्हणजे ज्याच्यासाठीं खटाटोप केला तेंच हातचें जातें.

ट्रेची निगा

तोंडांतून काढतांच ट्रे साध्या थंड पाण्याखालीं धरून आंतलें जेल धुवावें. कोपऱ्यांतील जेल मऊ ब्रशानें किंवा कापसाच्या काडीनें काढावें. हा ब्रश वेगळा ठेवावा. सौम्य साबणाचा एक थेंब चालतो. टूथपेस्ट लावूं नये; तिच्यांतील खरखरीत कणांनीं प्लास्टिकवर बारीक ओरखडे उठतात व त्यांत घाण बसते. गरम पाणी वर्ज्य. कारण सांगितलेंच आहे.

धुतल्यावर ट्रे पुसून, कोरडा करून, भोकें असलेल्या डबींत ठेवावा. ओला ट्रे बंद डबींत कोंडला तर त्याला वास येतो. ट्रेवर पांढरा थर धरला तर कवळी स्वच्छ करण्याची गोळी थंड किंवा अगदीं कोमट पाण्यांत टाकून वेष्टणावर सांगितलेला वेळ त्यांत बुडवावा आणि स्वच्छ धुवावा. उन्हांत, खिडकींत, शेगडीजवळ किंवा मोटारींत तो ठेवूं नये. कागदी रुमालांत गुंडाळून ताटाशेजारीं तर मुळींच ठेवूं नये. असे गुंडाळलेले किती तरी ट्रे खरकट्याबरोबर गेले आहेत. घरीं कुत्रा असेल तर विशेष संभाळावें; लाळेच्या वासानें तो ट्रे चावून टाकतो.

एकत्र कुटुंबांत डबीवर नांव लिहावें. जेलची पिचकारी थंड जागीं ठेवावी लागते, म्हणून ती बहुधा घरच्या फ्रिजमध्यें जाते. तेथें ती स्वतंत्र झांकणाच्या डब्यांत, नांव घालून, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशी वरच्या कप्प्यांत असावी. बर्फाच्या कप्प्यांत ठेवूं नये. डोळ्यांत गेलें तर लगेच भरपूर पाण्यानें डोळा धुवावा व डॉक्टरांस दाखवावें. मुदत संपलेलें जेल वापरूं नये. तें निर्बळ झालेलें असतें.

काम झालें म्हणजे ट्रे टाकून देऊं नये. उजाळा कायमचा नसतो. वर्षा-दोन वर्षांनीं एक-दोन रात्री पुन्हां लावल्यास रंग टिकतो. मात्र मध्यंतरीं नवी टोपी किंवा नवें सिमेंट बसविलें असेल तर जुना ट्रे बसत नाहीं. तेव्हां नवा करून घ्यावा. हें थोरल्या जाऊबाईंनाही लागू आहे : त्यांचा कपाटांतील ट्रे अद्याप नीट बसत असेल तर तो त्यांच्याच उपयोगाचा आहे.

कळा आल्या तर

ह्या उपचारांत गार पाणी किंवा हवा लागतांच दांतांत शिणशिण येते. ही सर्वांत नेहमींची तक्रार आहे. औषध कांहीं मिनिटांतच आंतल्या नसेपर्यंत झिरपत असल्यानें नस किंचित् चिडते. अशा वेळीं एक-दोन रात्री खंड पाडावा, नंतर एक दिवसाआड लावावें, किंवा वेळ कमी करावा. पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट आधींपासून वापरल्यास बरें वाटतें; दंतवैद्याच्या सल्ल्यानें तीच ट्रेमध्यें घालून दहा ते तीस मिनिटें ठेवतात. उपचार थांबल्यावर ह्या कळा सामान्यतः आपोआप शमतात. हिरडीवर पांढरा चट्टा उठला तर तो औषधाचा चटका आहे. कांहीं दिवस थांबावें आणि ट्रेची कड तपासून घ्यावी. एकाच दांतांत ठणका लागला, किंवा रात्रीं झोप मोडूं लागली, तर थांबून दंतवैद्याकडेच जावें.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं हा उपचार पुढें ढकलावा. त्यांत गमावण्यासारखें कांहीं नाहीं. टोप्या आणि सिमेंट ह्यांचा रंग ह्या औषधानें बदलत नाहीं. पुढच्या दांतांत जुनें सिमेंट असेल तर आधीं दांत उजळावेत, दोन आठवडे जाऊं द्यावेत, आणि मग नव्या रंगास जुळणारें सिमेंट भरून घ्यावें. क्रम उलटा केला तर सिमेंटाचे ठिगळ उघडें पडतें.

आणि लग्नाची तारीख

निरोगी दांतांचा साधा पिवळेपणा १० टक्क्यांच्या औषधानें सुमारें दोन आठवड्यांत पुष्कळसा उतरतो. तंबाखूच्या मुरलेल्या डागांस एक ते तीन महिने लागतात. लहानपणीं घेतलेल्या टेट्रासायक्लीन औषधाच्या करड्या पट्ट्यांस दोन ते सहा महिने, कधीं त्याहूनही अधिक. उपचार थांबल्यावर रंग थोडा मागें सरतो आणि सुमारें दोन आठवड्यांनीं स्थिर होतो. ह्या हिशेबानें वैशाखांतील लग्नासाठीं आतां दंतवैद्याकडे जाणें उशिराचें नाहीं. मात्र काळसर दांताची नस मेलेली निघाली तर आधीं त्याचा उपचार होईल, आणि तो वैशाखापूर्वीं पुरा होईलच असें कोणी सांगूं नये. लग्नाची तिथि पंचांगावरून निघते. औषधाची मात्रा पंचांग पाहत नाहीं. दिवस थोडे उरले म्हणून रात्रींचे थेंब वाढविणें, हाच ह्या सर्व प्रकरणांतील खरा धोका आहे.

तेव्हां भगिनींना माझें सांगणें असें. तुमची शंका योग्य होती. जाऊबाईंचा ट्रे त्यांच्यापाशींच राहूं द्या. सासूबाईंना उकळत्या पाण्याची गोष्ट माझ्या घरच्या पापडासह सांगा. त्या हंसतील आणि पटेलही. ह्या आठवड्यांतच मुलीला दंतवैद्याकडे घेऊन जा, आणि शक्य तर सासूबाईंनाच तिच्याबरोबर पाठवा. तिचा दांत केव्हां आपटला होता हें मुलीला आठवत नसलें तरी आईला आठवेल. दंतवैद्य तेंच प्रथम विचारतील.

आणि उजाळा येवो न येवो, तिच्या हातांतला रुमाल मात्र लग्नापूर्वीं खालीं आला पाहिजे. तें काम कोणत्याही जेलचें नाहीं. तें चौदा पानांच्या पंक्तींत बसणाऱ्या तुम्हां सर्वांचें आहे. ज्या बाई बोलून गेल्या त्यांना कदाचित् आपलें वाक्य आठवतही नसेल. मुलीला तें रोज आठवतें. तिला हंसविणारें माणूस घरांत कोण आहे तें तुम्हांलाच ठाऊक. त्याला कामाला लावा.

पुढील अंकीं मुलांच्या दुधाच्या दांतांविषयीं लिहिण्याचा विचार आहे. "पडणारेच आहेत, मग जपायचे कशाला?" असें म्हणणाऱ्या वडील मंडळींनीं तें अवश्य वाचावें.